दुष्काळ आणि देवाचे ब्रीद

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूत ढग नुसते डोंगरामागून वर आले आणि तसेच पुढे निघून गेले, की गावाच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो. कोणी तो मोठ्याने विचारतो, कोणी मनातल्या मनात. "देव आहे, तर मग हे असे का?" पेरणी वाया गेलेली, दावणीला जनावरे उपाशी, सावकाराचे नाहीतर सोसायटीचे देणे उभे. अशा वेळी हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण पुष्कळदा गप्प करतो. 'असे बोलू नये' म्हणतो. आजच्या लेखात तो प्रश्न गप्प न करता त्याचा नीट विचार करायचा आहे. संकटात देवावर भरवसा ठेवावा असे आपले सगळे संत सांगतात. पण भरवसा म्हणजे नेमके काय, तो ठेवणाऱ्याने काय करायचे, आणि सुटका आलीच नाही तर त्या भरवशाचे काय होते, हे आपण आपल्याच मुलखातल्या काही माणसांच्या आयुष्यावरून पाहू.

आधी एक शब्द समजून घेऊ. तो शब्द म्हणजे 'ब्रीद'. मूळ संस्कृत 'बिरुद'. बिरुद म्हणजे मिरवण्याची पदवी. जुन्या काळी मोठा मल्ल किंवा वीर आपल्या पायात तोडर घालून हिंडत असे. 'मी अमुक आहे, कोणाला शंका असेल त्याने पुढे यावे', असा त्याचा अर्थ. एकदा तोडर घातला की मागे फिरता येत नसे, कारण सगळ्या मुलखाने तो पाहिलेला असे. संतांनी हाच शब्द देवाला लावला. दीनांचा कैवारी, अनाथांचा नाथ, पतितपावन ही देवाची ब्रीदे. देवाने ती आपणहून मिरवली आहेत, तेव्हा ती राखणे त्याला भाग आहे, असे संत मानतात. 'देव शब्दाला जागतो' असे आपण साध्या बोलीत म्हणतो, तीच ही गोष्ट.

आता ह्यातला एक फरक ध्यानात घ्या. नवस वेगळा आणि भरवसा वेगळा. नवसात दोन बाजू असतात : तू पाऊस दे, मी नारळ देईन, तू पोर वाचव, मी पायी येईन. माणूस अडला म्हणजे नवस बोलतो, त्यात काही पाप नाही. पण नवस हा शेवटी करार आहे, आणि एका बाजूने करार मोडला की संबंध तुटतो. भरवशाचे तसे नसते. आईने एखाद्या दिवशी जेवायला दिले नाही, म्हणून मूल शेजारणीला आई म्हणू लागत नाही. ते रडते, हट्ट करते, आईलाच मारते. पण तिलाच बिलगते. संतांचा देवाशी संबंध असा आहे.

पहिले उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. दामाजीपंत. सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे हे त्यांचे ठाणे; काळ बहामनी राजवटीचा. दामाजी बेदरच्या बादशहाचे अधिकारी, सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' लिहून पुरा केला, त्यात ही कथा आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघर नेली आहे. दुष्काळ पडला. दामाजीच्या घरी पंढरपूरचा एक भुकेला माणूस जेवायला बसला आणि पानावर रडू लागला. घरी बायकामुले उपाशी आहेत, मला घास कसा गिळेल, असे म्हणाला. दामाजीने त्याच्या घरी धान्य धाडले, पण बातमी पसरली, माणसांचे लोंढे लोटले, आणि अखेर दामाजीने बादशहाची कोठारे रयतेसाठी उघडली. चुगली बेदरला गेली. दामाजीला धरून आणण्याचा हुकूम सुटला. इकडे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला जाऊन पैशाचा भरणा केला आणि पावती घेतली.

ही कथा आपण सांगतो तेव्हा बहुतेक उत्तरार्धच रंगवून सांगतो. विठू महार आला, पैसे भरले, देव धावला! पण कथेतला क्रम पाहा. देव धावला तो कोठारे उघडल्यानंतर. दामाजीने किल्ल्या लावल्या त्या क्षणी बेदरची रक्कम भरायला कोणी येणार आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते इतकेच की, दारात माणसे मरताहेत आणि आपल्या हातात किल्ल्या आहेत. शिक्षा होणार हेही त्याला ठाऊक होते. भरवसा ठेवणे म्हणजे चमत्काराची वाट पाहत बसणे असते, तर दामाजी देवघरात बसला असता आणि कोठारे बंदच राहिली असती.

दुसरेही एक पाहा. देव आला तो कोणाच्या रूपात? गावगाड्यात ज्याला सगळ्यात खाली बसवले होते, ज्याने वेशीबाहेर राहायचे, ज्याने सरकारी निरोप आणि रक्कम पायी पोचवायची, त्या महाराच्या रूपात. सुटका कोणत्या बाजूने येईल ह्याबद्दलची आपली कल्पना फार आखूड असते, हे ही कथा सांगते. आपण मोठ्यांच्या वाड्याकडे डोळे लावून बसतो आणि मदत वेशीबाहेरून येते.

पण एवढ्यावर थांबलो तर विचार अर्धा राहील. त्याच मंगळवेढ्यात आणखी एक भक्त होऊन गेला, आणि त्याची सुटका झाली नाही. संत चोखामेळा. विठ्ठलाचा भक्त, पण जातीने महार, म्हणून विठ्ठलाच्या देवळात त्याला प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. म्हणजे मेल्यावरसुद्धा दाराबाहेर.

ते दार पुढे उघडले, पण केव्हा? साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा. मध्ये सहाशे वर्षे गेली. आता कोणी म्हणेल, 'बघा, शेवटी देवाने ऐकलेच!' जरा थांबा. चोखोबाच्या हयातीत काही झाले नाही हे विसरून असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि सहाशे वर्षे दार बंद ठेवले ते माणसांनी, देवाने नव्हे. हेही विसरता कामा नये. चोखोबांची थोरवी अशी की, दार बंद ठेवणाऱ्यांचा देव आणि आपला देव ह्यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. माझ्या देवाचे ब्रीद खरे आहे आणि तुमचे वागणे खोटे आहे, ही दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच वेळी मनात धरली. भरवशाचा हा एक फार कठीण प्रकार आहे.

तिसरे उदाहरण तुकोबांचे. त्यांचा जन्म देहूस १६०८ सालचा मानतात. घरी महाजनकी होती, वाण्याचे दुकान होते, सावकारी होती. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पण वयाच्या सतराअठराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेला. प्रपंच तुकोबांच्या गळ्यात पडला, आणि त्याच वेळी १६३० चा दुष्काळ आला.

हा दुष्काळ साधासुधा नव्हता. पावसाने ओढ दिली होतीच. त्यात शहाजहानच्या फौजा दक्षिणेत निजामशाहीवर उतरल्या होत्या. देहूपासून काही कोसांवर असलेल्या पुण्यावर विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवला, तोही ह्याच सुमारास. पाऊस नाही, त्यात लष्करांची लूट, त्यात पेठा बंद. पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला एक इंग्रज त्या वर्षी सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्याला गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याने 'पादशाहनाम्या'त दख्खन आणि गुजरातेतल्या ह्याच उपासमारीची नोंद केली आहे. तेव्हा तुकोबांच्या दुःखाला दूरच्या कागदांचीही साक्ष आहे.

त्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. मुलगा संतू गेला. दुकानाचे दिवाळे निघाले. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकोबांनी हे सगळे स्वतः सांगितले आहे आणि त्या वेळी वाटलेली लाजही लपवलेली नाही. धंदा बुडाल्याची लाज किती जाळते, हे ज्याचे बुडाले त्यालाच कळते.

मग तुकोबांनी काय केले? तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे ते देवाशी भांडले. तुकोबांच्या गाथेत देवाला विनवणारे अभंग जितके मनापासूनचे, तितकेच त्याला जाब विचारणारे. तू दगडाचा आहेस, तुला लाज नाही, तुझे ब्रीद खोटे आहे, इथपर्यंत ते बोलतात. एका ठिकाणी तर माझ्यापुरता देव मेला, असेही म्हणून जातात. हे नास्तिकाचे बोलणे नव्हे. आपण जाब कोणाला विचारतो? ज्याच्याकडे आपले येणे आहे त्याला. परक्याशी कोणी भांडत नाही. म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगावेसे वाटते, वर्गात एखाद्या मुलाने 'देवाने आमचा बाप का नेला?' असे विचारले तर त्याला रागावू नका. तुकोबांनीही विचारले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे देहूचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. घर उद्ध्वस्त झालेला माणूस हाताला काम शोधतो आणि तेही आपल्या एकट्याच्या उपयोगाचे नव्हे, गावाच्या उपयोगाचे. शोकात सापडलेल्या माणसाला नुसता उपदेश पुरत नाही. माती, दगड, पाणी ह्यांच्याशी हात गुंतवावे लागतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. वडिलार्जित सावकारीची खते घरात होती. परंपरा सांगते की धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. विचार करा. लोकांचे देणे तुकोबांनी बुडवले नाही. लोकांकडचे आपले येणे सोडले. दुष्काळातून गेलेल्या घरांवर ती खते जिवंत राहिली असती तर उरलेसुरले बैलही गेले असते. मला सोडव, असे देवाला म्हणणाऱ्या माणसाने आधी दुसऱ्यांना सोडवले.

आणि मग कधीतरी तुकोबा असेही म्हणतात की, दिवाळे निघाले हे बरेच झाले, दुष्काळाने पीडले हेही बरेच झाले, त्यामुळे मी देवाकडे वळलो. ह्या उद्गाराचा आपल्याकडे फार दुरुपयोग होतो. शेजाऱ्याचे पीक जळाले की आपण त्याला सांगतो, 'देव करतो ते बऱ्यासाठी करतो.' पण तुकोबा 'बरे झाले' म्हणाले ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, दुसऱ्याच्या नव्हे. ज्याचे जळाले त्याने ते म्हणावे, आणि म्हणण्याइतका तो वर आला तरच म्हणावे. बाहेरच्याने म्हटले की ते वाक्य निर्दय होते. बाहेरच्याचे काम खते नदीत सोडण्याचे.

चौथे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगरे ह्या विद्वान पुराणिकाची ही मुलगी, जन्म १८५८. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीबुवांना समाजाचा रोष पत्करावा लागला. कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत दक्षिणेत हिंडत असे. दुष्काळाने त्यांना गाठले. जवळचे होते नव्हते ते दानधर्म आणि व्रतवैकल्यांत संपले. भीक मागण्याची सवय नाही, मजुरी करण्याची तयारी नाही, कारण विद्येचा आणि कुळाचा अभिमान. अखेर तीर्थात जलसमाधी घ्यावी इथपर्यंत वेळ आली. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी अभिमान सोडतो आणि मजुरी करतो. पण उशीर झाला होता. १८७४ साली थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील आणि आई गेली, पुढे बहीणही गेली. भाऊबहीण शेकडो कोस पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली.

ज्या रीतीने घरच्यांनी देवाला आळवले, त्या रीतीवरचा रमाबाईंचा विश्वास त्या उपासमारीत उडाला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्याबद्दल त्या काळी पुण्यात मोठा वाद झाला. तो वाद आज आपल्याला उकरायचा नाही. माणसाला आपली वाट बदलण्याचा हक्क असतो. आपल्याला पाहायचे आहे ते पुढचे. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी विधवा व पोरक्या मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे विहिरी, शेती, छापखाना, शाळा असे 'मुक्ती'चे सारे गाव उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. ज्या मुलीचे आईबाप दुष्काळाने नेले, तिने शेकडो मुली दुष्काळाच्या तोंडातून काढल्या. आणि तिथल्या मुलींना शेतात, मागावर, छापखान्यात काम करायला शिकवले. अंगमेहनतीची लाज वाटल्याने एक घर कसे बुडते हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते.

आता ही चारही माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दामाजीला सुटका मिळाली, चोखोबांना हयातीत मिळाली नाही, तुकोबांना मिळाली ती बायकोमुलगा गमावल्यानंतर, आणि रमाबाईंना मिळाली ती वेगळ्या वाटेवर. तेव्हा 'भरवसा ठेवा म्हणजे संकट टळेल' असा सरळ हिशेब कोणालाही मांडता येत नाही. जो मांडतो तो लोकांना फसवतो. भरवशाने पाऊस पडत नाही. मग भरवशाने होते काय? ह्या चौघांच्या बाबतीत एक गोष्ट समान दिसते. संकटाने त्यांना आपल्यापुरते पाहायला शिकवले नाही. देव आपले ब्रीद राखील असे ज्याला मनोमन वाटते, त्याच्या मुठीत धान्य, पैसा, खत घट्ट आवळलेले राहत नाही. भीती माणसाची मूठ मिटवते. भरवसा ती उघडतो. आणि दुष्काळात माणसे वाचतात ती मुठी उघडल्याने, हे कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाला मान्य व्हावे.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे होते, तेही आपल्या राज्याने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलावांवर, बांधबंदिस्तीवर गेली. कामावर सुकडी वाटली जाई. ज्यांनी ती खाल्ली त्यांतले पुष्कळजण आजही तिची चव सांगतात. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना घट्ट झाली, वि. स. पागे ह्यांनी ती कल्पना धरून लावली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हे सरकारने दिलेले वचन, म्हणजे एका परीने राज्याचे ब्रीदच. देवाने आपले ब्रीद राखावे अशी इच्छा धरणाऱ्या समाजाने आपली ब्रीदेही राखायला हवीत. आणि राखली जात नसतील तर तुकोबांसारखे खडसावून विचारायलाही हवे.

शेवटी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात निकडीची. आपल्या मराठवाड्यात, विदर्भात, इतरत्रही, कर्ज आणि नापिकी ह्यांखाली दबलेल्या शेतकऱ्याने स्वतःचा जीव घेतल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आपण वाचतो. अशा माणसाचा भरवसा उडाला म्हणून त्याला दोष देऊ नका. भरवसा ही एकट्याने पेलायची वस्तूच नाही. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीने चालतो. एकाचा पाय भरून आला की दुसरा त्याची पडशी घेतो. गावात जो माणूस पारावर येईनासा झाला, बोलेनासा झाला, देणेकऱ्यांना तोंड चुकवू लागला, त्याच्या घरी आज संध्याकाळी जा. उपदेश करू नका, नुसते शेजारी बसा, सोसायटीचे कागद त्याच्याबरोबर उलगडून पाहा. आणि त्याच्या मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार आहे असे वाटले, तर त्याला एकटे सोडू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर त्याला बोलायला लावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. शिक्षकांना तर हे आधी कळू शकते. ज्या मुलाचा डबा रिकामा येऊ लागला, जे मूल अचानक गप्प झाले, त्याच्या घराकडे एकदा पाऊल वळवा.

दामाजीला देव भेटला तो महाराच्या वेशात. वेशीबाहेरच्या एखाद्या दारात आज कोणी वाट पाहत बसले असेल, तर तिथवर कोणीतरी चालत जायला हवे. ते पाय आपले असायला काय हरकत आहे?